सात महिने वापरलेला तपासणी कॅमेरा: गेन, ब्राइटनेस आणि आमची फजिती

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ब्रासचे बुश, म्हणजे पोकळ गोल तुकडे, करतो. बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, एका तोंडाला अर्ध्या मिलिमीटरचा चाम्फर, म्हणजे तिरकी कापलेली कड. गेल्या वर्षी एक लॉट परत आला. त्यात अकरा जॉबना, म्हणजे नगांना, चाम्फरच नव्हता. अकराच, पण डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याचा कागद, अख्ख्या लॉटची आली. त्या रात्री ठरवलं, कॅमेरा बसवायचा.

कॅमेऱ्याच्या कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव इथं देत नाही. विकणारा आमच्याच भागातला, रोज तोंड दाखवायचं आहे. शिवाय मी जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना लागू पडतं, कारण आतला सेन्सर सोनीचा आयएमएक्स २७३ आहे आणि तोच सेन्सर कितीतरी कंपन्या आपापल्या डबीत घालून विकतात. १४४० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे दीड मेगापिक्सेलच्या जरा वर. काळा-पांढरा. ग्लोबल शटर, म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी उघडतात आणि मिटतात, त्यामुळे पळणारा जॉब तिरपा दिसत नाही. "माझ्या मोबाइलला पन्नास मेगापिक्सेल आहेत" असं म्हणून हसणारे भेटले. हसू देत. मला ३२ मिलिमीटर रुंदीचं चित्र पाहिजे होतं. ३२ भागिले १४४०, म्हणजे एका पिक्सेलला ०.०२२ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या चाम्फरवर बावीस पिक्सेल पडतात. चाम्फर आहे का नाही एवढंच बघायला बावीस पिक्सेल म्हणजे चैन आहे.

कॅमेऱ्याला मी चार तारे देतो. त्याच्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरला दोन. आणि पहिले दोन महिने मी जे केलं त्याला एकसुद्धा नाही.

ऑफिसच्या टेबलावर पहिल्या दिवशी चित्र इतकं सुंदर आलं की मी घरच्यांना फोटो पाठवला. बुश ठेवला, १६ मिलिमीटरची लेन्स साधारण १२० मिलिमीटरवर, अ‍ॅपर्चर एफ ८ (हे लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं), एक्स्पोजर (शटर उघडं राहायचा वेळ) १०,००० मायक्रोसेकंद, गेन (सिग्नल वाढवणं) शून्य. टर्निंगच्या रेघासुद्धा मोजता येत होत्या. मग तोच कॅमेरा पट्ट्यावर चढवला. पट्टा सेकंदाला १०० मिलिमीटर पळतो. १०,००० मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, तेवढ्या वेळात जॉब एक मिलिमीटर पुढं जातो. एक मिलिमीटर म्हणजे पंचेचाळीस पिक्सेल. बुश कसला, पुसलेली पाटी दिसत होती.

माझी पुतणी डिप्लोमा करून आमच्याकडंच लागलीय. ती म्हणाली, "काका, एक्स्पोजर कमी करा." केलं. २०० मायक्रोसेकंदांवर आणलं. आता जॉब एका पिक्सेलपुरताच सरकत होता, चित्र धारदार असणार. असेलही, पण दिसेना. पन्नास पट कमी उजेड आत येत होता. स्क्रीन काळीकुट्ट.

इथं माझा हात गेनच्या पट्टीवर गेला. नवख्या माणसाचा हात तिथंच जातो, कारण सॉफ्टवेअरमध्ये ती पट्टी सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठी आहे. आकडा डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये असतो. ६ डीबी वाढवले की सिग्नल दुप्पट, १२ ला चौपट, २० ला दहापट. पन्नास पटींची भरपाई करायची तर ३४ डीबी लागतात. पट्टी ४८ पर्यंत जात होती, मग काय, ओढली. २४ डीबीपर्यंत सेन्सरमधलं अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प्लिफायर काम करतं, त्याच्यापुढं नुसता आकड्यांचा गुणाकार असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. चित्र उजळलं. आणि सगळीकडं बारीक रवा सांडल्यासारखा दिसायला लागला. दर फोटोत रवा वेगळ्या जागी.

गणपतीत मंडळाच्या स्पीकरचा आवाज वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसला हा प्रकार. गेन नवीन उजेड आणत नाही, आलेल्या उजेडाचा आकडा फुगवतो. हिशोब असा आहे: पिक्सेलवर पडलेल्या उजेडाचे इलेक्ट्रॉन होतात, आणि या सेन्सरचा एक पिक्सेल भरायला साधारण दहा हजार इलेक्ट्रॉन लागतात. उजेड मुळातच थेंबाथेंबानं येतो, त्यामुळं त्याच्यात वर्गमुळाएवढा चढउतार असतोच. दहा हजारांचं वर्गमूळ शंभर, म्हणजे शंभरात एक एवढी चूक. पन्नास पट गेन लावला की दोनशे इलेक्ट्रॉनलाच पिक्सेल पूर्ण पांढरा दिसतो. दोनशेचं वर्गमूळ चौदा. शंभरात सात चूक. तो रवा कॅमेऱ्याचा दोष नव्हता, कमी उजेडाचा होता. मी मात्र विकणाऱ्याला फोन करून "सेन्सर खराब आहे" म्हणून भांडलो.

त्यानं एक पोरगा पाठवला. पोरगा हुशार वाटला. आला, दोन ठिकाणी टिक केली, "ऑटो गेन, ऑटो एक्स्पोजर, टार्गेट ब्राइटनेस पन्नास टक्के, आता कॅमेरा स्वतःच बघून घेईल," म्हणाला, चहा पिऊन गेला. बुश समोर उभा असेपर्यंत सगळं झकास. पट्टा चालू केल्यावर खेळ सुरू झाला. दोन जॉबच्या मधे नुसता काळा पट्टा असतो. कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडला, तो बिचारा गेन चढवत बसतो. तेवढ्यात जॉब येतो आणि रात्री घाटात समोरून फुल लाइट टाकून ट्रक यावा तसा पांढराफटक दिसतो. कॅमेरा घाबरून गेन उतरवतो, तोवर जॉब गेलेला. पुढच्याला परत तेच. ऑटो ही सोय रस्त्यावरच्या नाहीतर दारावरच्या कॅमेऱ्याला ठीक आहे, तिथं दिवस-रात्र बदलते. जिथं एका जॉबची दुसऱ्याशी तुलना करायची आहे तिथं मोजपट्टीच दर फोटोला लांब-आखूड करून चालेल का? दोन्ही ऑटो बंद केले ते आजतागायत बंद आहेत.

आता ब्राइटनेस. ही पट्टी गेनच्या खालीच आहे, आणि या सगळ्यात जास्त नुकसान तिनं केलं असतं.

तपासणीची पद्धत सोपी ठेवली होती. वरून गोल रिंग लाइट टाकायचा, चाम्फरची कड चमकते, तोंडाचा सपाट भाग गडद राहतो. पिक्सेलचा आकडा शून्य (काळा) ते २५५ (पांढरा) असतो; ९० च्या वरचा पिक्सेल पांढरा धरायचा, कडेच्या गोलात पांढरे पिक्सेल पुरेसे भरले तर जॉब पास. सपाट भाग ६० च्या आसपास होता. मी म्हटलं, गेननं रवा येतोय ना, मग गेन उतरवतो आणि ब्राइटनेस वाढवतो. तसं केलं. रवा कमी झाल्यासारखा वाटला, चित्र छान राखाडी झालं. दिवसभर एकही रिजेक्ट नाही. मी खूष. पुतणीला म्हटलं, "बघ, जमलं."

आमच्याकडं तपासणीला एक मामा आहेत. बावीस वर्षं हाताला बुश. कॅमेरा आल्यापासून जरा गप्प गप्प होते, ते स्वाभाविक आहे. संध्याकाळी ते उठले, खोक्यातनं एक जॉब काढला, पट्ट्यावर ठेवला. पास. परत तोच ठेवला. पास. मग माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मालक, बोट फिरवून बघा." चाम्फर नव्हता. पार्टी परत पाठवते त्यातलाच एक त्यांनी जपून ठेवला होता.

झालं काय होतं? ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हेच. ती पट्टी प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात एक ठरावीक आकडा मिळवते, बस. परीक्षेतलं उदाहरण घ्या. गेन म्हणजे सगळ्यांच्या गुणांना दीडानं गुणणं, हुशार पोरगा आणि ढ पोरगा यांच्यातलं अंतरही दीडपट होतं. ब्राइटनेस म्हणजे सरसकट चाळीस ग्रेस गुण. अंतर तेवढंच राहतं, पण नापास होणारा पास होतो. माझ्या ६० च्या सपाट भागाला ४० ग्रेस मिळाले, तो १०० झाला, ९० ची रेघ ओलांडून पांढरा ठरला. म्हणून सगळे पास. आणि वरच्या टोकाला २५५ च्या पुढं जागा नसते, त्यामुळं चमकणारी कड तिथंच अडकली.

कॅमेऱ्याच्या सविस्तर यादीत, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्पर्ट' निवडल्यावर जे झाड उघडतं तिथं, याचं नाव बरोबर लिहिलंय: ब्लॅक लेव्हल. जेनआयकॅम नावाचं एक प्रमाण आहे, युरोपियन मशीन व्हिजन असोसिएशन ते सांभाळते, त्यात एक्स्पोजर टाइम, गेन, ब्लॅक लेव्हल अशी नावं ठरलेली आहेत, म्हणून कंपनी बदलली तरी ती सापडतात. मग साध्या स्क्रीनवर त्यालाच ब्राइटनेस का म्हणावं? मला वाटतं जुन्या टीव्हीची सवय असेल. आमच्याकडं काळा-पांढरा टीव्ही होता, त्याला ब्राइटनेसचं आणि कॉन्ट्रास्टचं अशी दोन गोल बटणं. वडील ब्राइटनेस फिरवायचे आणि बातम्या देणाऱ्या बाईंचे केस राखाडी व्हायचे, चेहरा काही उजळायचा नाही. आई कॉन्ट्रास्ट फिरवायची, तेव्हा चेहरा उठायचा. तिथंही ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी आणि कॉन्ट्रास्ट म्हणजे गेन हेच होतं. आईला जे कळलं होतं ते मला डिग्री घेऊन कळलं नाही.

भर म्हणजे याच सॉफ्टवेअरमध्ये ऑटोच्या पानावर जे 'टार्गेट ब्राइटनेस' आहे ते तिसरंच प्रकरण आहे. तिथं त्याचा अर्थ चित्राची सरासरी कितीवर ठेवायची. एकच शब्द, दोन पानांवर दोन अर्थ. दोन ताऱ्यांचं कारण हे.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. त्यांना विचारलं, "मामा, तुम्हाला चाम्फर कसा दिसतो?" त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. पण हात बघितला. ते बुश डोळ्यासमोर सरळ धरतच नाहीत. खिडकीकडं तोंड करतात, बुश जरासा कलता करतात आणि बोटांत फिरवतात. कड चमकून जाते, जिथं चमकत नाही तिथं चाम्फर नाही. उजेड कमी वाटला तर डोळे ताणत नाहीत, खिडकीकडं सरकतात. मी दोन महिने कॅमेऱ्याचे डोळे ताणत होतो.

त्यातनं दोन गोष्टी केल्या. जुना रिंग लाइट काढून मोठा, जास्त ताकदीचा आणि आतल्या बाजूनं कललेला आणला, तोही जॉबच्या जवळ, पट्ट्यापासून थोडाच वर बसवला. उजेड आडवा येतो, सपाट भागावरनं निसटून जातो आणि चाम्फरवरनं उडून वर लेन्समध्ये येतो. सपाट भाग ६० वरून १५ वर आला आणि कड २०० च्या पुढं. दुसरं, लाइट सतत न पेटवता कॅमेऱ्याच्या ट्रिगरबरोबर, म्हणजे फोटो काढायच्या इशाऱ्याबरोबर, झटका देऊन पेटवला. क्षणभरच पेटत असल्यामुळं त्याला नेहमीपेक्षा जास्त करंट देता येतो. त्यासाठी वेगळा कंट्रोलर लागला. पैसे लागले, पण पहिल्यांदा लाइटमध्ये वाचवलेलेच ते पैसे होते.

ते पन्नास पट मग असे फेडले. अ‍ॅपर्चर एफ ८ वरून एफ ४, चौपट. पट्टा १०० वरून ६० मिलिमीटरवर आणला आणि एक्स्पोजर ४०० मायक्रोसेकंद केलं, दुप्पट, जॉब अजून एका पिक्सेलच्या आसपासच सरकतो. राहिले सव्वासहा पट. त्यातले साडेचार नव्या लाइटनं भरले. उरले १.४, त्याला गेन ३ डीबी. चौतीसच्या जागी तीन. रवा गेला. एफ ४ मुळं फोकसची खोली, म्हणजे जॉब पुढं-मागं झाला तरी धारदार दिसतो ते अंतर, कमी झाली, हे खरं. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना गाइड घालून जॉब हलायची जागा कमी केली. फुकट काही मिळत नाही.

कुणाला सेटिंग बसवायचं असेल तर मी आता कुठल्या वाटेनं जातो ते सांगतो. आधी पट्ट्याचा वेग आणि पिक्सेल यांच्यावरून एक्स्पोजर काढतो आणि त्याला परत हात लावत नाही. मग लाइट आणि अ‍ॅपर्चर यांच्यात झोंबाझोंबी करायची. चित्राकडं बघायचं नाही, हिस्टोग्रामकडं, म्हणजे कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत त्या आलेखाकडं, बघायचं, कारण ऑफिसच्या स्क्रीनवर चांगलं दिसणारं चित्र आकड्यांत चांगलं असेलच असं नाही. चांगल्या जॉबची सगळ्यात चमकदार कड २०० ते २२० मध्ये बसली पाहिजे. २५५ ला भिंतीसारखी उभी रेघ दिसली तर तिथली माहिती गेली, नंतर कुठल्याही पट्टीनं परत येत नाही. तरी कमी पडलं तर गेन, तोही एक-एक डीबीनं. सगळ्यात शेवटी लेन्सला टोपण लावायचं आणि ब्लॅक लेव्हल बघायचं. पूर्ण अंधारात आकडे ३ ते ५ च्या दरम्यान थरथरले पाहिजेत. सगळे शून्यालाच चिकटले असतील तर खालची माहिती कापली जातेय, एकाने-दोनाने वाढवा. वीसला असतील तर कुणीतरी ग्रेस वाटलेत. गेन बदलला की हे परत बघायचं. मधल्या राखाडी छटा वर-खाली करणारा गॅमा एकवरच ठेवा, ती पट्टी माणसाच्या डोळ्यासाठी आहे.

छपराचा एक किस्सा. आमच्या शेडला मधे मधे पारदर्शक पत्रे आहेत. दुपारी साडेतीनला ऊन नेमकं पट्ट्यावर यायचं आणि पंधरा-वीस मिनिटं रिजेक्शन वाढायचं. आठवडाभर आम्ही लेथवरच्या पोराला बोलत होतो, टूल बदल म्हणून. ट्यूबलाइटचंही असंच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. १०,००० मायक्रोसेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये एक पूर्ण लाट बसते म्हणून टेबलावर काही जाणवलं नव्हतं. ४०० ला फोटो लाटेच्या कुठल्याही ठिकाणी पडतो, एक उजळ, एक मंद. दोन्हींवर उपाय एकच निघाला: पत्र्याचा डबा वाकवून आतनं मॅट काळा मारला आणि कॅमेऱ्यासकट सगळं झाकलं. पहिले तीन दिवस पुठ्ठ्याचा डबा होता, तोही चालला.

तक्रारी अजून आहेत. मॅन्युअल दोनशे पानांच्या वर, आणि त्यात 'यूजर सेट' हा विषय कुठंतरी मागं लपलेला. आपण पट्ट्या फिरवतो त्या कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मरणात राहतात. लाइट गेली की गेल्या. एका सकाळी ट्रान्सफॉर्मर उडाला, आल्यावर एक्स्पोजर परत १०,०००, गेन शून्य, आणि सगळे जॉब रिजेक्ट. तीनशेएक जॉब खोक्यात पडल्यावर लक्षात आलं. सेटिंग 'यूजर सेट १' मध्ये सेव्ह करायचं आणि सुरू होताना तोच सेट उघड असंही वेगळं सांगायचं, ही दोन कामं आहेत. एक केलं आणि दुसरं विसरलं तर उपयोग नाही. आम्ही एकदा तेही करून बघितलं.

उन्हाळ्यात कॅमेरा चांगलाच तापतो. कागदावर बॉडी ५० अंशांच्या आत ठेवा म्हटलंय, पत्र्याच्या डब्यात मेमध्ये ते अवघड. मागं अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट लावून कॅमेरा तिच्यावर कसला, तेव्हापासून हात ठेवता येतो. आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत, कॅमेऱ्यातही तापमान दिसतं, ही सोय मात्र उत्तम.

चांगल्या गोष्टी सांगायच्या तर केबल. नेटवर्कची केबल, शंभर मीटरपर्यंत चालते, आणि तिच्यातूनच वीज जाते. आमचा संगणक काचेच्या केबिनमध्ये अठरा मीटरवर आहे, यूएसबीचा कॅमेरा घेतला असता तर संगणक लेथच्या बुडाशी कुलंटमध्ये, म्हणजे कापताना सोडतात त्या गार करायच्या द्रवात, ठेवावा लागला असता. सात महिन्यांत एकदाही फोटो चुकलेला नाही. पट्ट्यावर तेल उडतं, धूळ आहे, वेल्डिंग शेजारीच चालतं. पठ्ठ्या टिकलाय.

विकणाऱ्याची सेवा मध्यम. फोन उचलतात, माणूस पाठवतात, पण माणसाला कॅमेरा येतो आणि उजेड येत नाही. घेण्याआधी आपला एक चांगला आणि एक खोटा जॉब घेऊन जा, त्यांच्या दुकानात टेबलावर नको, हलत्या पट्ट्यावर दाखवा म्हणा, आणि गेन किती ठेवलाय ते विचारा. आकडा वीसच्या पुढं असेल तर आधी लाइटची यादी मागा, कॅमेऱ्याची नंतर.

मामांच्या त्या खोट्या बुशाला आम्ही लाल रंग दिलाय, बाहेरच्या अंगाला, तोंडाला नाही. दर पाळीच्या सुरुवातीला तो पट्ट्यावरून जातो आणि कॅमेऱ्यानं त्याला ढकलून खोक्यात टाकला पाहिजे, तरच पुढचं काम सुरू. रिजेक्ट झालेले जॉब मामा अजूनही खिडकीशी नेऊन कलते करून बघतात. शंभरातले पाच-सहा चांगले निघतात, बहुतेक वेळा तोंडावर कुलंटचा थेंब राहिलेला असतो आणि तो चमकून गोंधळ करतो. पट्ट्यावर कॅमेऱ्याच्या आधी हवेचा नोझल बसवायचं चाललंय. पुतणी म्हणतेय गेन आणखी एक डीबी खाली आणून बघू. बघू.